निवड, फल आणि फासा : अभिरूप बेसबॉल लीगमधील ड्राफ्टच्या सिंहावलोकनाची समीक्षा

१

खेळांविषयीच्या अमेरिकन लेखनात सिंहावलोकनाचा एक प्रकार चांगलाच रुजलेला आहे. एखाद्या बेसबॉल संघाने मागील पाच-दहा वर्षांत कोणकोणते हौशी खेळाडू निवडले, त्यांपैकी कोण नावारूपास आले, कोण वाटेतच गळाले आणि कोणाला घेण्याच्या नादात कोण हातचा गेला, याचा वर्षवार हिशेब त्यात मांडलेला असतो. हिशेबाच्या शेवटी प्रत्येक वर्षाला गुण दिले जातात आणि संघाच्या व्यवस्थापकाच्या पारखीवर निकाल दिला जातो. हा प्रकार आता खऱ्या संघांपुरता राहिलेला नाही. ज्या लीगमधील संघ, खेळाडू आणि सामने केवळ फाशांच्या दानांवर अथवा संगणकाच्या गणितावर चालतात, अशा अभिरूप लीगमध्येही ही सिंहावलोकने नियमाने लिहिली जातात, आणि पुष्कळदा ती खऱ्या संघांवरील लेखनापेक्षा अधिक तपशीलवार असतात. ज्या खेळाडूला जन्मच नाही, त्याच्याविषयी अठराव्या वर्षी केलेला अंदाज त्याच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पडताळून पाहिला जातो.

वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटण्याचा संभव आहे. तथापि त्यात गुंतलेला प्रश्न क्षुल्लक नाही. भूतकाळात घेतलेल्या निर्णयाचे मूल्यमापन कशावरून करावयाचे, हा तो प्रश्न होय. आणि तो इतिहासकाराला, समीक्षकाला व न्यायाधीशाला सारखाच पडतो. प्रत्यक्ष व्यवहारात निर्णय करणाऱ्याची पारख, वस्तुस्थिती आणि योगायोग ही तीन सूत्रे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात, की ती सोडविणे बहुधा अशक्य होते. अभिरूप लीगमध्ये मात्र ती तत्त्वतः सुटी करता येतात. असे असूनही या लेखनप्रकारात ती सुटी केली जात नाहीत, हा त्याचा मूलभूत दोष आहे. त्या दोषाचे स्वरूप, त्याची कारणे आणि त्याचे परिणाम यांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम मूळ संस्थेचा परिचय आवश्यक आहे. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट जून १९६५ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी शाळा-महाविद्यालयांतील होतकरू खेळाडूशी कोणताही संघ करार करू शकत असे. साहजिकच ज्याची थैली मोठी त्याच्याकडे गुणी मुले जात. या विषमतेवर उपाय म्हणून क्रमवार निवडीची पद्धत आली. मागील हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याला पहिली निवड मिळावी, आणि अशा उलट्या क्रमाने फेरीमागून फेरी व्हावी, हे तिचे तत्त्व. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागा सोडतीने ठरू लागल्या; पण मूळ तत्त्व कायम आहे. एके काळी साठ-सत्तर फेऱ्यांच्याही पुढे लांबणारी ही निवड २०२१ पासून २० फेऱ्यांत आटोपते. निवडलेला मुलगा बहुधा सतरा ते बावीस वर्षांचा असतो. तो कनिष्ठ लीगमध्ये काही वर्षे काढतो, आणि निवडलेल्यांपैकी बहुसंख्य मेजर लीगपर्यंत कधीच पोहोचत नाहीत. म्हणजे निवड आज करावयाची आणि तिचे फल पाच-सात वर्षांनी पाहावयाचे, असा हा व्यवहार आहे.

अभिरूप बेसबॉलची परंपरा ड्राफ्टहूनही जुनी आहे. क्लिफर्ड व्हॅन बीक याचा ‘नॅशनल पास्टाइम’ हा पत्त्या-फाशांचा खेळ १९३० च्या सुमाराचा. त्याच वळणावर रिचर्ड साइट्झ याने १९५१ मध्ये ‘ॲप्बा’ आणि हॅल रिचमन याने १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ बाजारात आणला. या खेळांत प्रत्येक खऱ्या खेळाडूच्या नावाचे एक पत्र असे आणि त्यावरील आकडे त्याच्या गेल्या हंगामातील कामगिरीवरून बेतलेले असत. जॅक केरुॲक या कादंबरीकाराने याहून पुढचे पाऊल लहानपणीच टाकले होते. त्याने सर्वस्वी कल्पित संघांची व कल्पित खेळाडूंची लीग स्वतःपुरती रचली आणि प्रौढपणीही तिचे सामने, आकडे व वृत्तान्त तो लिहीत राहिला.

१९९९ मध्ये मार्कुस हाइन्झोन या जर्मन रचनाकाराचा ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा संगणकीय खेळ निघाला, आणि अशा कल्पित लीगला सार्वजनिक रूप मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. संगणक दरवर्षी शेकडो नवे कल्पित तरुण निर्माण करतो. लीगमधील प्रत्येक संघ वेगवेगळी माणसे चालवितात. आणि खऱ्या जगातील काही महिन्यांत लीगमधील अनेक हंगाम उलटतात. प्रत्येक तरुणाची आजची कुवत आणि पुढे येऊ शकणारी कुवत असे दोन प्रकारचे आकडे यंत्रात नोंदलेले असतात. व्यवस्थापकाला मात्र ते जसेच्या तसे दिसत नाहीत. संघाच्या स्काउटने, म्हणजे पारख्याने, केलेला अंदाज तेवढा दिसतो, आणि तो चुकीचा असू शकतो. पुढील हंगामांत तरुणाची वाढ कशी होईल यातही दैवाचा अंश मुद्दाम ठेवलेला असतो. दुखापती होतात, अपेक्षा नसलेला खेळाडू अकस्मात उंचावतो, भरवशाचा खाली येतो. ज्या सिंहावलोकनांचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांचे जन्मस्थान हे आहे.

३

या सिंहावलोकनांचा साचा बहुतेक ठरलेला असतो. वर्ष, फेरी, खेळाडूचे नाव, त्याची आजची अवस्था आणि शेवटी एका ओळीचा शेरा. जो खेळाडू संघाचा आधारस्तंभ झाला त्याच्यापुढे व्यवस्थापकाच्या दूरदृष्टीची प्रशंसा. जो झाला नाही त्याच्यापुढे फुसका बार, वाया गेलेली निवड असा शिक्का. त्यानंतर बहुधा आणखी एक वाक्य येते: याच्यानंतर लगेच अमुक एक खेळाडू दुसऱ्या संघाने उचलला. वाचकाला हे लेखन गोड वाटते, कारण त्यात नाट्य आहे आणि प्रत्येक गोष्टीला शेवट आहे. परंतु निर्णयाची समीक्षा म्हणून त्यात तीन दोष स्पष्ट दिसतात.

पहिला दोष असा, की निर्णयाची परीक्षा त्याच्या फलावरून केली जाते. फल चांगले तर निर्णय चांगला, फल वाईट तर निर्णय वाईट, असे समीकरण गृहीत धरले जाते. लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या हातून एखादे अक्षर उमटले म्हणून त्याला लेखनकला अवगत आहे असे कोणी म्हणत नाही. घुणाक्षरन्याय तो हाच. ड्राफ्टच्या सिंहावलोकनात मात्र अशा अक्षरांवरून हस्ताक्षराची परीक्षा होते.

दुसरा दोष तुलनेचा आहे. निवडलेल्या खेळाडूची तुलना त्याच्यानंतर निवडल्या गेलेल्या सर्वांशी होत नाही. त्यांतील जो एक पुढे सर्वश्रेष्ठ ठरला त्याच्याशीच होते. जो खेळाडू दहाव्या क्रमांकावर मिळू शकत होता आणि पुढे कीर्तिमान झाला, त्याला पहिल्या नऊ संघांनी सोडलेले असते. तो प्रत्येकाच्या खात्यावर स्वतंत्र चूक म्हणून मांडला, तर एका योगायोगापोटी नऊ अपराधी उभे राहतात.

तिसरा दोष अपेक्षेच्या विस्मरणाचा. पहिल्या फेरीतील निवड आणि पंधराव्या फेरीतील निवड यांना एकाच मापाने मोजले जाते. पंधराव्या फेरीतील खेळाडूकडून कोणाचीच फारशी अपेक्षा नसते. त्याचे अपयश ही बातमी होऊ शकत नाही, आणि त्याचे यश हे बव्हंशी निवडीचे श्रेय असू शकत नाही.

४

हे दोष अभिरूप लीगने खऱ्या बेसबॉलच्या लेखनातून वारशाने घेतले आहेत. म्हणून खऱ्या इतिहासातील दोन-तीन उदाहरणे येथे पाहणे उपयुक्त ठरेल. न्यूयॉर्क मेट्स या संघाचे पहिले दोन ड्राफ्ट त्या दृष्टीने बोलके आहेत.

१९६५ च्या ड्राफ्टमध्ये मेट्सनी बाराव्या फेरीत, एकूण २९५ व्या क्रमांकावर, नोलन रायन या टेक्सासमधील पिचरला निवडले. रायनने पुढे ५,७१४ स्ट्राइकआउट नोंदविले. हा उच्चांक आजही अबाधित आहे. प्रतिपक्षाला एकही हिट न देता पूर्ण केलेले सात सामने त्याच्या नावावर आहेत. साच्यातील सिंहावलोकन या निवडीला शंभरपैकी शंभर गुण देईल. परंतु डिसेंबर १९७१ मध्ये मेट्सनी रायनसह चार खेळाडू कॅलिफोर्निया एंजल्सना देऊन जिम फ्रेगोसी याला घेतले; आणि रायनच्या त्या सात सामन्यांपैकी एकही मेट्ससाठी खेळलेला नव्हता. मग श्रेय कोणाचे? निवडणाऱ्याचे, सांभाळू न शकणाऱ्याचे, की पुढे त्याला घडविणाऱ्याचे? बाराव्या फेरीपर्यंत स्वतः मेट्सनीही त्याला अकरा वेळा बाजूला ठेवले होते, ही गोष्टही विसरता येत नाही. यश आणि निवड यांच्यामध्ये किती हात असतात, हे यावरून ध्यानात येईल.

माइक पियाझा याचे उदाहरण याहूनही टोकाचे आहे. १९८८ मध्ये लॉस अँजेलिस डॉजर्सनी त्याला बासष्टाव्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर घेतले, ते संघाचे प्रशिक्षक टॉमी लासोर्डा यांच्या कौटुंबिक स्नेहाखातर. पियाझाने पुढे ४२७ होमरन मारले आणि २०१६ मध्ये त्याचा समावेश हॉल ऑफ फेममध्ये झाला. येथे पारख होती असे कोणीच म्हणू शकत नाही. त्याला कॅचर करण्याची कल्पना आणि त्याने त्यापायी घेतलेले कष्ट या निवडीनंतरच्या गोष्टी आहेत. फलावरून निर्णय जोखावयाचा झाल्यास मात्र ही बेसबॉलच्या इतिहासातील एक महान निवड ठरते.

सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे उदाहरण १९६६ चे आहे. त्या वर्षी पहिली निवड मेट्सची होती. त्यांनी कॅलिफोर्नियातील शाळकरी कॅचर स्टीव्ह चिल्कॉट याला घेतले. दुसरी निवड कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सची. त्यांनी ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील रेजी जॅक्सन याला घेतले. जॅक्सनने ५६३ होमरन मारले आणि १९९३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. चिल्कॉटचा खांदा दुखावला आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. गेली अनेक दशके ही जोडी चुकीच्या निवडीचे आदर्श उदाहरण म्हणून सांगितली जाते.

परंतु या प्रसंगी खरा प्रश्न कोणता? खांद्याची दुखापत ड्राफ्टच्या दिवशी कोणालाही दिसत नव्हती; तिच्यावरून मेट्सना दोष देता येत नाही. प्रश्न असा, की जॅक्सनला मागे ठेवण्याचे कारण काय होते. संघाला कॅचरची गरज होती, असे संघाकडून सांगण्यात आले. जॅक्सनने मात्र पुढे आपल्या आत्मकथनात वेगळे कारण सांगितले: कृष्णवर्णीय नसलेल्या मुलीशी असलेली आपली मैत्री मेट्सना खटकते, असे विद्यापीठातील आपल्या प्रशिक्षकाने आपल्याला कळविले होते, असे त्याचे म्हणणे. संघाच्या बाजूने हे नाकारण्यात आले. या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की संघाचे म्हणणे खरे असेल, तर चिल्कॉटची निवड ही एक समर्थनीय पण दुर्दैवी निवड ठरते. जॅक्सनचे म्हणणे खरे असेल, तर चिल्कॉट पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला असता तरीही ती निवड निंद्यच ठरली असती. दोन्ही पक्षी होमरनच्या आकड्यांचा या निर्णयाशी संबंध नाही. फलाकडे डोळे लावून बसलेले सिंहावलोकन या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही, कारण पाचशे त्रेसष्ट होमरन पाहिल्यावर त्याची चौकशी संपते. व्यवस्थापकाला निर्दोष सोडावयाचे असो वा दोषी धरावयाचे असो, दोन्ही गोष्टी कारणाच्या परीक्षेवाचून होऊ शकत नाहीत.

५

आता अभिरूप लीगकडे वळावयाचे. जे खऱ्या बेसबॉलमध्ये शक्य नाही ते येथे शक्य आहे. प्रत्येक निवडीचे तीन थर येथे सुटे करता येतात: व्यवस्थापकाला त्या दिवशी काय दिसत होते, यंत्रात त्या दिवशी प्रत्यक्ष काय नोंदलेले होते, आणि पुढे काय घडले. पहिला थर स्काउटच्या अहवालात मिळतो. दुसरा लीगच्या चालकाला पाहता येतो. तिसरा सर्वांसमोर असतो.

कल्पनेने एक उदाहरण घेता येईल. बेसबॉलचे पारखी २० ते ८० या श्रेणीत गुण देतात आणि अभिरूप खेळातही तीच श्रेणी रूढ आहे. समजा, एका तरुण पिचरची संभाव्य कुवत स्काउटने ६५ दाखविली, पण यंत्रातील खरा आकडा ५५ होता. दुसऱ्याची ६० दाखविली आणि ती खरोखरच ६० होती. व्यवस्थापकाने पहिल्याला निवडले. पुढे वाढीच्या टप्प्यात दैव अनुकूल झाले आणि पहिला ७० पर्यंत चढला. सिंहावलोकन म्हणेल, उत्तम पारख. वस्तुतः येथे तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. हाती असलेल्या अहवालानुसार व्यवस्थापकाने बरोबर निवड केली. अहवाल चुकीचा होता. आणि ती चूक दैवाने भरून काढली. पुढील वर्षी हाच व्यवस्थापक त्याच स्काउटवर विसंबून राहील, कारण यशाने स्काउटची चूक झाकली गेली आहे. याउलट पहिला पिचर ४५ वर घसरला असता, तर व्यवस्थापकाला दोष मिळाला असता आणि तोही चुकीच्या कारणासाठी. दोन्ही प्रसंगी संघाला जे शिकावयास हवे, की स्काउट बदलावा, ते शिकणे राहून जाते.

योगायोगाचा वाटा किती मोठा असतो, हे साध्या गणिताने दाखविता येते. समजा, पहिल्या फेरीत निवडलेल्या दर दहा खेळाडूंपैकी सहा सरासरीने कामास येतात आणि लीगमधील तीसही व्यवस्थापकांची पारख तंतोतंत सारखी आहे. चार वर्षांत प्रत्येकाने चार खेळाडू निवडले. चारही कामास येण्याची शक्यता शंभरांपैकी सुमारे तेरा. एकच कामास येण्याची किंवा एकही न येण्याची शक्यता शंभरांपैकी सुमारे अठरा. म्हणजे तीस संघांपैकी चारेक संघांचे व्यवस्थापक द्रष्टे म्हणून आणि पाच-सहा संघांचे व्यवस्थापक नालायक म्हणून गाजतील, आणि त्यांच्या पारखीत केसाइतकाही फरक नसेल. चार वर्षांच्या पहिल्या फेऱ्यांवरून काढलेले गुण बव्हंशी बोलाफुलाला पडलेली गाठ असते.

यंत्राची आणखी एक सोय आहे. ड्राफ्टच्या दिवसाची नोंद जपून ठेवली, तर तेथून पुढील दहा वर्षे पुन्हा पुन्हा चालवून पाहता येतात. शंभर वेळा चालविल्यावर तोच पिचर किती वेळा उंचावतो आणि किती वेळा घसरतो हे दिसेल. प्रत्यक्ष घडलेला इतिहास हा त्या शंभरांतील एक होता एवढेच. खऱ्या इतिहासकाराला कधीही न लाभणारे हे साधन अभिरूप लीगच्या समीक्षकाच्या हाताशी आहे. तरीही सिंहावलोकनांत त्याचा उपयोग क्वचितच होतो. एकच इतिहास, एकच शेवट आणि त्यावरून निकाल, ही खऱ्या जगाची मर्यादा तेथे विनाकारण स्वीकारली जाते.

६

यावर एक आक्षेप येईल आणि तो डावलण्याजोगा नाही. फल पाहावयाचेच नाही असे ठरविले, तर प्रत्येक अपयशी व्यवस्थापक दैवाकडे बोट दाखवील. नाचता येईना अंगण वाकडे, अशी स्थिती होईल. ज्याच्या निवडी वीस वर्षे सातत्याने निष्फळ ठरल्या त्याची पारख सदोष असण्याचाच संभव अधिक आहे. लॉस अँजेलिस डॉजर्सनी १९६८ च्या जानेवारी व जून या दोन निवडींत मिळून डेव्ही लोप्स, बिल बक्नर, स्टीव्ह गार्वी आणि रॉन से यांना मिळविले. एका वर्षातील असे पीक पाहून केवळ नशीब म्हणून हात झटकणे बरे दिसत नाही.

हा आक्षेप मान्य करावयास हवा. पण तो कोठवर जातो हेही पाहावयास हवे. फल बोलते ते समूहात. एकट्या खेळाडूचे फल जवळजवळ मुके असते. बिल जेम्स याने १९८० च्या दशकात अनेक वर्षांच्या ड्राफ्टचा एकत्र हिशेब केला आणि महाविद्यालयातून घेतलेले खेळाडू शाळेतून घेतलेल्यांपेक्षा अधिक परतावा देतात, असे दाखविले. त्याने एकाही खेळाडूला फुसका बार म्हटले नाही. त्याला तशी गरजच नव्हती. याच्या उलट स्थिती ऑकलंड ॲथलेटिक्सच्या २००२ च्या ड्राफ्टची झाली. मायकल लुईस याच्या २००३ मधील ‘मनीबॉल’ या ग्रंथाने तो ड्राफ्ट प्रसिद्धीस आणला. ग्रंथ निघाला तेव्हा त्या तरुणांचे भवितव्य ठरावयाचे होते. पुढे निक स्विशर बारा हंगाम खेळला आणि जेरेमी ब्राउन केवळ पाच सामने खेळू शकला. पुरस्कर्त्यांनी स्विशरकडे आणि विरोधकांनी ब्राउनकडे बोट दाखविले. ऑकलंडच्या विचारपद्धतीची परीक्षा यांपैकी कोणत्याच बोटाने होत नव्हती. ती व्हावयाची तर शेकडो निवडींवर व्हावयास हवी होती.

तात्पर्य, फलाला साक्षीदार म्हणून बोलवावे, न्यायाधीश म्हणून बसवू नये. आणि साक्षीदार जितके अधिक तितका विश्वास अधिक.

७

या लेखनप्रकाराकडे ओढ का असते, याचे उत्तर रॉबर्ट कूव्हर याच्या १९६८ मधील एका कादंबरीत सापडते. ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन, इन्कॉर्पोरेटेड, जे. हेन्री वॉ, प्रोप्रायटर’ असे तिचे लांबलचक नाव आहे. हेन्री वॉ हा छप्पन वर्षांचा एकाकी हिशेबनीस तीन फाशांवर स्वतःची कल्पित लीग चालवितो. आठ संघ, त्यांचे खेळाडू, त्यांची घराणी, निवडणुका, मृत्युलेख हे सारे तो वह्यांत लिहून ठेवतो. डेमन रदरफोर्ड हा नवखा पिचर त्याला मुलासारखा प्रिय होतो. पुढे एका सामन्यात तिन्ही फाशांवर एकेक हे दान लागोपाठ पडते. असे दान एकदा पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक. लागोपाठ दोनदा पडण्याची ४६,६५६ मध्ये एक. असाधारण घटनांच्या तक्त्यानुसार डेमन जॉक केसी या पिचरच्या चेंडूने मरतो. वॉला हे सोसत नाही. पुढे केसी पिचर असताना सहा-सहा-सहा असे दान पडू लागते तेव्हा शेवटचे दान तो टाकत नाही. फासे हाताने सहावर ठेवतो आणि केसीला मारतो.

कादंबरीत केसीचा अपराध काय आहे? त्याने चेंडू टाकला, आणि फासे वाईट पडले. त्याच्या मनात काय होते याची नोंद फाशांत नव्हती. वॉने फलावरून हेतू ठरविला आणि फलावरून शिक्षा दिली. पश्चात्बुद्धीने लिहिलेले प्रत्येक सिंहावलोकन, सौम्य प्रमाणात का होईना, हेच करीत असते. दान पडून गेल्यावर ते फासे पुन्हा हातात घेते आणि ते तसेच पडावयाचे होते, ज्याला डोळे होते त्याला ते आधीच दिसावयास हवे होते, असे मांडते. योगायोग हा कोणाचाच अपराध नसतो, ही गोष्ट मनाला सोसत नाही. म्हणून अपराधी शोधला जातो. खेळाडू हरवल्याचे दुःख व्यवस्थापकाच्या माथी मारले की हिशेब जुळल्यासारखा वाटतो.

अभिरूप खेळाडूला याचे काही वाटत नाही. त्याला फुसका बार म्हटले तरी त्याच्या घरी कोणी खाली मान घालीत नाही. या निरुपद्रवीपणामुळेच ही भाषा तेथे मोकळेपणाने वाढली. पण ती तेथेच थांबत नाही. तीच माणसे खऱ्या ड्राफ्टवरही तोच शिक्का उचलतात, आणि अठराव्या वर्षी खांदा दुखावलेल्या मुलाच्या नावापुढे तो आयुष्यभरासाठी उमटतो. आकड्यांच्या खेळातील सैल भाषा माणसांच्या बाबतीत क्रूर होते, हे या लेखनप्रकाराच्या समीक्षेत सांगणे प्राप्त आहे.

८

दोष दाखविल्यावर सुधारणेची दिशा सुचविणे हे समीक्षेचे कर्तव्य होय. ती फार अवघड नाही. प्रत्येक संघाने ड्राफ्टच्या दिवशीच आपल्या निवडीची नोंद करावी. स्काउटचा अहवाल काय होता, दुसरा कोणता खेळाडू विचारात होता, आणि याला का घेतले, हे चार ओळींत लिहून ठेवावे. दहा वर्षांनी सिंहावलोकन करताना प्रथम ही नोंद वाचावी आणि त्या दिवशीच्या माहितीवर ती कारणे पटतात की नाही एवढेच ठरवावे. नंतर लीगच्या चालकाकडून त्या दिवशीचे खरे आकडे घेऊन स्काउटची परीक्षा करावी. मग त्या फेरीतील सर्व संघांच्या निवडींचे सरासरी फल काढून त्याच्याशी तुलना करावी. खेळाडू आज कोठे आहे, हे सर्वांच्या शेवटी पाहावे, आणि जेथे दैवाने हात दिला किंवा मागे घेतला तेथे तसे स्पष्ट लिहावे.

असे सिंहावलोकन कदाचित कमी रंजक होईल. त्यात नायक आणि खलनायक कमी निघतील. परंतु पुढील वर्षीच्या ड्राफ्टला बसणाऱ्या व्यवस्थापकाला त्यातून काही शिकता येईल. आज त्याच्या हाती जे लेखन येते त्यातून तो एवढेच शिकतो, की सुदैवी असावे. न्यूयॉर्क मेट्सनी १९६६ मध्ये आपल्या निवडीची प्रामाणिक कारणे त्याच दिवशी लिहून ठेवून प्रसिद्ध केली असती, तर चिल्कॉट आणि जॅक्सन या दोघांनाही पुढील काळात अधिक न्याय मिळाला असता. अभिरूप लीगला ती सोय आजही मोफत उपलब्ध आहे.